गाढवाची शिकवणी

वावटळ लांडग्याला बुजायची नाही. वणव्याच्या कडेने ती कान न हलवता गेली होती आणि बर्फ फुटायच्या दिवसांत तिने तनाइस नदी पोहून पार केली होती. म्हणून ती घोडी भर चढाईत मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि तिर्गाला उताणी पाडून चौखूर उधळली, तेव्हा तिर्गाला मार लागल्यापेक्षा लाजच जास्त वाटली.

पडल्या पडल्या तिने मान वळवून पाहिलं. ती एकटी नव्हती. शकांच्या टोळीचे चाळीस स्वार, आणि चाळीसही घोडी वेड लागल्यासारखी चारी दिशांना पांगली होती. आत्ता क्षणापूर्वी इराणी घोडदळ त्यांच्यापुढे शेपूट घालून पळत होतं. ते आपल्या पायदळाच्या आड शिरलं आणि छावणीच्या कडेने तो आवाज उठला. आधी कुणीतरी घशात श्वास ओढून घ्यावा तसा, मग फुटका कर्णा फुंकावा तसा. एकाने सुरुवात केली की दहा, दहांचे शंभर.

पळून जाण्याआधी तिर्गाने एक गोष्ट केली. कोपरावर उठून तिने आवाजाच्या दिशेने नीट पाहून घेतलं. सामानाच्या ढिगाशी एक राखी रंगाचं जनावर उभं होतं. पोट घोड्याचं, शेपूट गाईचं, आणि कान असे की सशाने लाजावं.

संध्याकाळी बैलाच्या हाडांची शेकोटी पेटली. या गवताळ मुलखात लाकूड मिळतं कुठे! ज्या बैलाचं मांस शिजायचं त्याचीच हाडं खाली जळायची. टोळीचा प्रमुख ओक्तमास, म्हणजे तिर्गाच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, मांडीवर मुठी ठेवून बसला होता.

"तिसरी वेळ," तो म्हणाला. "तीनदा त्यांना पळवलं आणि तीनदा आपलीच घोडी उधळली. इराणच्या बादशहानं काहीतरी भूत बाळगलंय."

"भूत नाही, भावजी. जनावर आहे. मी पाहिलं."

"उताणी पडून?" लिपोका म्हणाला, आणि स्वारांमध्ये हसू पसरलं. लिपोका टोळीतला सगळ्यात चांगला तिरंदाज होता आणि सगळ्यात वाईट तोंडाचा.

"हो, उताणी पडून. तू तर पडलाही नाहीस. तुझ्या घोड्यानं तुला थेट जेवायलाच आणून सोडलं." तिर्गाने हातातलं हाड शेकोटीत टाकलं. "थंडीमुळे आपल्या मुलखात ते जनावर होतच नाही. घोड्यांनी जन्मात पाहिलं नाही, ऐकलं नाही, हुंगलं नाही. अनोळखी आहे म्हणून घाबरतात. ओळख करून दिली की झालं. मला त्यातलं एक पाहिजे."

"त्यापेक्षा घोड्यांच्या कानात लोकर कोंबू," ओक्तमास म्हणाला.

"एक दिवस चालेल. पण लढाईत मी शीळ घातली तर बहिरी घोडी वळणार कशी? तुम्ही हाक मारली तर थांबणार कशी? भावजी, या टोळीची सगळी शिंगरं गेली बावीस वर्षं माझ्या हातून शिकून निघालीत. मला सांगू नका."

ओक्तमासने सांगितलं नाही. तिर्गा तनाइसपलीकडच्या सौरोमातांची लेक होती. तिकडच्या बायका घोड्यावर बसूनच मोठ्या होतात. फौज येतेय कळल्यावर टोळीच्या बाकी बायका गाड्या घेऊन उत्तरेला निघून गेल्या, तेव्हा तिलाही जायला सांगून त्याने एकदा तोंड पोळून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लिपोकाला घेऊन निघाली. घोड्यांच्या कानात लोकरीचे बोळे होते, तेवढ्यापुरते. दलदलीच्या खोलगट जागी इराण्यांची माणसं लव्हाळे कापायला येत. मागचं गवत शकांनी जाळलं होतं, विहिरी बुजवल्या होत्या. फौजेच्या तोंडचं पाणी खरोखरच पळवलं होतं. त्यामुळे चाऱ्यासाठी रोज जास्त लांब यावं लागे, आणि पहाऱ्याचे सैनिक रोज थोडे जास्त कंटाळलेले असत.

ते दोघे लव्हाळ्यातून सुसाट आत घुसले. तिर्गाने फास टाकला तो बरोबर एका गाढवाच्या गळ्यात पडला. तिने घोडी वळवली, दोर ताणला गेला, आणि गाढवाने चारी पाय जमिनीत रोवले. बैल ओढले असते तिने, पण हे हलेना. त्याच्या मानेला एक बुटका, काळ्या दाढीचा माणूस मिठी मारून लटकला होता. पहारेकरी धनुष्यांकडे धावले.

"ओढू नका!" तो माणूस किंचाळला. भाषा लष्करातली इराणी होती, शकांच्या बोलीची चुलत बहीणच. "ओढून तो जन्मात यायचा नाही!"

"मग कसा येतो?" तिर्गा ओरडली.

आयुष्यभर लोकांना हेच सांगत आल्यामुळे असेल, त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी पुढे चाललो की येतो."

लिपोकाने त्याला कमरेला धरून उचललं, घोड्यावर आडवं टाकलं आणि टाच मारली. गाढवाने मालकाला लांब जाताना पाहिलं, एक केविलवाणी हाक दिली आणि ते असं काही पळत सुटलं की तिर्गाला दोर ढिला सोडावा लागला. बाण मागे लव्हाळ्यात पडत राहिले.

तळावर पोचल्यावर लोक गाढवाभोवती जमले, आणि काही जण त्या माणसाभोवती. एकाने त्याचे केस मुठीत धरून सुरी काढली. शत्रूच्या टाळूची कातडी लगामाला बांधायची, ही शकांची जुनी रीत.

"सोड त्याला," तिर्गा म्हणाली. "तो शिकवणीचा मास्तर आहे."

माणसाचं नाव तार्कुवा. बादशहाच्या मुलखातल्या कप्पदोकियाच्या डोंगरातला. गाढवाचं नाव मुवा.

"मुवा म्हणजे आमच्यात ताकद," त्याने थरथरत सांगितलं.

"बरं. ऐक तार्कुवा, या घोड्यांना तुझ्या मुवाची भीती वाटते. ती घालवायची. घालवलीस की तू मोकळा. राजाच्या चुलीची शपथ घेऊन सांगते."

ती शपथ खोटी पडली तर राजा आजारी पडतो आणि घेणाऱ्याचं डोकं उडतं. ओक्तमासचा चेहरा उतरला.

"वहिनी, एवढी मोठी शपथ? गाढववाल्याला?"

"मला घाई आहे, भावजी. घाबरलेला माणूस घोड्यांना धीर कसा देणार?"

पहिले दोन दिवस तिने गाढव घोड्यांना दाखवलंच नाही. मुवाच्या पाठीवर घासलेला बुरणूस वावटळीपुढे टाकला. तिने फुरफुरून तो खुरांनी तुडवला. संध्याकाळपर्यंत त्यावरच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी वाऱ्याच्या बाजूला, लांबवर, गाढव बांधलं. चौथ्या दिवशी जरा जवळ. घोड्यांना जव मिळायचे ते गाढवाच्या बाजूला गेलं तरच. भूक भीतीपेक्षा मोठी असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अडचण आवाजाची होती. मुवा हवा तेव्हा ओरडेना.

"तो उगाच ओरडत नाही, बाई," तार्कुवा म्हणाला. आता त्याचं थरथरणं थांबलं होतं. "त्याचंही काही कारण असतं. भूक लागली की आखूड-आखूड ओरडतो. पाण्याची वेळ टळली की शेवट लांबवतो, हुंदका दिल्यासारखा. मादी दिसली तर... ते तुम्ही ऐकाल तेव्हा कळेलच. आणि मी दिसेनासा झालो की मला हाका मारतो."

"मग हो दिसेनासा."

तार्कुवा टेकाडाआड जाऊन बसे. मुवा आकाश फाडे. घोडी दोर ताणत, तिर्गा एकेकाच्या मानेवर हात ठेवून शीळ घाली, आणि तार्कुवा परत येई. दिवसातून दहादा. ओक्तमासला ते बघवेना.

"कैद्याला टेकाडाआड एकटं सोडता? पळून जाईल."

"गाढवाला सोडून? तुम्ही एक वेळ बायकोला सोडून जाल, भावजी. तो गाढवाला सोडून जायचा नाही."

आठव्या दिवशी मुवा ओरडला तेव्हा वावटळीने नुसतं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. तिर्गा तिच्या आयाळीत तोंड खुपसून काही वेळ तशीच उभी राहिली. मग वळून तार्कुवाला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा भरलेला वाडगा दिला. त्याने एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"आवडलं नाही?"

"आवडलं, बाई." तो कसाबसा म्हणाला. "माझ्या भावाला द्यायला पाहिजे होतं. सांदा. माझ्यापेक्षा लहान आहे. छावणीत पडलाय, पोट धरून. दहा-बारा दिवस झाले. काळ्या टेकडीजवळ विहीर सापडली, सगळे धावले. पाण्यात कुजलेला बैल होता. वास येत होता, तरी प्यायले. तहान होती."

काळ्या टेकडीची विहीर तिर्गाला माहीत होती. "तो बैल मीच टाकला," ती म्हणाली.

तार्कुवाने वाडगा खाली ठेवला.

"ती विहीर माझ्या सासऱ्यानं खणली होती. गोड पाणी होतं. बोलावलं होतं का आम्ही तुम्हाला? आम्हाला शेत नाही, शहर नाही, लुटायला भिंत नाही. कशाला आलात?"

"मला कुणी विचारलं नव्हतं, बाई. जकातीचा माणूस आला. म्हणाला गाढवं पाहिजेत. म्हटलं घेऊन जा. तर म्हणाला, गाढववालेही पाहिजेत."

विहिरीबद्दल तिर्गाला पश्चात्ताप नव्हता. पुन्हा वेळ आली असती तर तिने पुन्हा बैल टाकला असता. पण तो वाडगा उचलून तिने पुन्हा त्याच्या हातात दिला आणि त्याच्याशेजारी बसली.

पुढच्या चकमकीत नेहमीसारखंच झालं. शक आले, इराणी घोडदळ मागे सरलं, पायदळाआड शिरलं आणि निवांत वळून उभं राहिलं, कारण आता काय होणार हे त्यांना पाठ होतं. गाढवं ओरडली. शंभर, दोनशे. टोळीच्या चाळीस घोड्यांनी कान हलवले आणि ती सरळ पुढे गेली. तिर्गा सगळ्यांच्या पुढे होती. समोरच्या स्वारांची तोंडं तिला स्पष्ट दिसली. आधी हसरी, मग नुसती उघडी. पहिल्या बाणांच्या फेकीतच त्यांची रांग फुटली, आणि लिपोका पळणाऱ्यांच्या मागून ओरडत गेला, "थांबा रे! जव खाऊन जा!"

त्यानंतर इतर टोळ्यांचे लोक आपापली घोडी घेऊन यायला लागले. मुवाच्या शिकवणीला रांग लागली. "गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं" म्हणतात, पण हे गाढव दिवसभर नुसतं उभं राहून लठ्ठ झालं. ठरल्याप्रमाणे तार्कुवा आता मोकळा होता. पण छावणीत परत गेला असता तर पळपुटा म्हणून त्याचं डोकं उडवलं असतं. तो राहिला. रोज सकाळी टेकाडावर चढून इराण्यांच्या धुराकडे बघत बसे.

त्या सकाळी धुकं होतं. दोन्ही फौजा आता समोरासमोर आल्या होत्या, आणि मोठी लढाई आज नाहीतर उद्या होणार असं सगळे धरून चालले होते. धुक्याआड इराण्यांची गाढवं पहाटेपासून ओरडत होती. शेकोट्यांचा धूर वर येत होता. तिर्गा वावटळीचं खोगीर आवळत होती आणि मध्येच तिचे हात थांबले.

तार्कुवा टेकाडावरून धावत खाली आला. "बाई, ऐकलंत?"

"शेवट लांबतोय," ती म्हणाली.

"सगळ्यांचा. एकाचा नाही, सगळ्यांचा! पाण्याची वेळ केव्हाच टळली. खुंट्याला बांधलेली आहेत आणि सोडायला कुणी आलं नाही. एक गाढववाला झोपेल, दोन झोपतील. सगळे कसे झोपतील?" त्याने तिच्या बाहीला धरलं, मग भानावर येऊन सोडलं. "फौज गेली, बाई. आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना ते नेणार नाहीत."

तिर्गा सरळ ओक्तमासकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"गाढवाच्या ओरडण्यावर मी फौज हलवू? सगळे प्रमुख हसतील. आणि हा त्यांचाच माणूस. सापळा असला तर?"

"फौज नको. मी जाते. माझे कान मला कधी फसवत नाहीत, आणि आज याचेही फसवत नाहीत. तुम्ही बाणाच्या टप्प्यावर उभे राहा. सापळा असला तर वहिनीची कटकट कायमची मिटेल."

"असं बोलू नका," ओक्तमास म्हणाला, आणि त्याने घोडा मागवला.

लिपोका, तिर्गा, आणि तिच्या मागे घोडीवर बसलेला तार्कुवा असे तिघे धुक्यातून गेले. छावणीच्या खंदकावर कुणीच हटकलं नाही. आत राहुट्या उभ्या होत्या. दहा-दहा शेकोट्यांमागे एक माणूस, आणि तोही बसल्या जागेवरून शेणाच्या गोवऱ्या आत ढकलत होता. उरलेले गवतावर पडले होते. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. एक म्हातारा पहारेकरी भाल्याला धरून उभा राहिला. भाला त्याला आधार देत होता, तो भाल्याला नाही.

"पुढे येऊ नका," तो म्हणाला. "बादशहा निवडक फौज घेऊन तुमच्यावर छापा घालायला गेलेत. संध्याकाळी परततील. तोवर तळ सांभाळायला सांगितलंय आम्हाला."

"कुठल्या बाजूला गेले?" तिर्गाने विचारलं.

म्हाताऱ्याने पश्चिमेला हात केला. इस्तर नदीवरचा नावांचा पूल त्या बाजूला होता, परतीचा.

"आजोबा, आम्ही तर पूर्वेला आहोत," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने भाला हळूच खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी बसला. तार्कुवा केव्हाच घोडीवरून उतरून "सांदा! सांदा!" करत राहुट्यांमधून पळत सुटला होता.

लिपोकाने शीळ घातली तसे ओक्तमासचे स्वार धुक्यातून आले. समोर हातपाय हलवू न शकणारे शेकडो शत्रू पाहून त्यांच्या सुऱ्या आपोआप बाहेर आल्या. एक जण उतरलाही.

तिर्गाने वावटळ आडवी घातली. "कापा," ती म्हणाली. "बसा कापत. बादशहानं यांना त्यासाठीच ठेवलंय. तुम्ही दिवसभर इथे मेलेल्यांची टाळकी सोलत बसाल आणि तो आरामात पुलापर्यंत जाईल. किती हुशार माणूस! त्याला ठाऊक आहे, शकांना कातडी दिसली की बाकी काही दिसत नाही."

उतरलेल्याने सुरी खाली केली. मग ओक्तमास मोठ्याने हसला, इतका की घोडा दचकला. "चढा!" तो ओरडला. "सगळ्या टोळ्यांना सांगावा धाडा. पश्चिमेला!" जाता जाता तो तिच्याजवळ थांबला. "तुम्ही येत नाही, वहिनी?"

"आधी या बिचाऱ्यांना पाणी दाखवते. कानठळ्या बसल्या माझ्या."

तिने गाढवं सोडली. दोर कापत कापत ती रांगेच्या टोकाला पोचली तेव्हा तिला तार्कुवा दिसला. एका राहुटीच्या दाराशी बसून त्याने एका तरुणाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तरुणाचा हात हलत होता. तिर्गाने खोगिराची दुधाची पखाल सोडून त्याच्याकडे फेकली.

"थोडं थोडं पाज. आणि त्याला सांग, आवडलं नाही तरी प्यायचं."

सगळे वाचले नाहीत. पण शुद्ध पाण्याची एक विहीर टोळीने स्वतःसाठी राखली होती, आणि तिर्गाने ती उघडून दिली. ज्यांना गाढवावर बसवता आलं त्यांना तिथे नेलं. बादशहा निसटला. शक चांगलं गवत असलेल्या वाटेने गेले, कारण शहाणा माणूस तसाच जाईल, आणि इराणी आले त्याच जळक्या, उजाड वाटेने परत गेले, कारण त्यांना दुसरी माहीत नव्हती. तरी तो गेला तो पुन्हा आला नाही.

पानगळीच्या आधी तार्कुवा निघाला. इथली थंडी गाढवांना सोसायची नव्हती. त्याच्याबरोबर सांदा होता, बरे झालेले साठ-सत्तर जण होते आणि दीडशे गाढवं होती. नदीच्या मुखाशी ग्रीक व्यापाऱ्यांचं गाव होतं, तिथून जहाज मिळणार होतं.

"मुवाला ठेवून जाऊ का, बाई?" त्याने विचारलं. विचारताना त्याचा आवाज चिरकला.

"नको. हिवाळ्यात मरेल. आणि तू टेकाडाआड गेलास की मला झोप लागू द्यायचा नाही."

वर्षाच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, टोळीचा मेळा भरला. प्रमुखाने द्राक्षाच्या दारूचा रांजण फोडला. वर्षात ज्याने शत्रू मारला त्याने प्याला घ्यायचा. मारला नसेल त्याने बाजूला, मान खाली घालून बसायचं. अनेक मारणाऱ्याला दोन प्याले. लिपोकाने दोन घेतले आणि तिसऱ्यासाठी वाद घातला. मग ओक्तमास स्वतः प्याला घेऊन तिर्गासमोर उभा राहिला. सगळी टोळी बघत होती. एका म्हाताऱ्याने घसा खाकरून रीत काय आहे त्याची आठवण करून दिली.

"रीत मला माहीत आहे," ओक्तमास म्हणाला. "वहिनी, सांगा. किती मारलेत?"

त्या चकमकीत बाण तिनेही सोडले होते. कुणाला लागले ते बघायला ती थांबली नव्हती, आणि न पाहिलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

"मोजायला एकही नाही, भावजी," तिर्गा म्हणाली आणि हात पुढे केला. "भरा. काठोकाठ."

त्याने भरला. तिने एका दमात रिकामा केला, मनगटाने तोंड पुसलं आणि प्याला पुन्हा पुढे धरला.